कोल्टनचं पहिलं हसू

लेलंडमामाचं आणि माझं रक्ताचं नातं नाही. माझ्या आईचं आणि त्याचं कूळ एक, तेवढ्यावर तो माझा मामा लागतो. आमच्या आदिवासी जमातीत मामाला भाचरांची चेष्टा करण्याचा हक्कच असतो, आणि तो हक्क त्याने बावीस वर्षं एकही खाडा न करता बजावला आहे. प्रवाशांच्या गाड्या जिथे लागतात त्या मैदानाच्या कडेला मी तळलेल्या रोट्या आणि मटणाचा रस्सा विकते. रोज सकाळी मामा येणार, रोटी हातावर तोलून बघणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, "आज बरी जमलीय गं भाचे. कालच्या रोटीने टायरचं पंक्चर काढलं, अजून हवा धरून आहे."

मी म्हणायचे, "दात नाहीत ते सांग की."

मामाचं काम प्रवाशांना खोरं दाखवायचं. उघड्या टपाची गाडी, मागे तीन बाकडी, लाल वाळूतला सतरा मैलांचा फेरा, पाच थांबे. दिवसाला अशा तीन फेऱ्या. प्रत्येक थांब्यावर लोकांना उतरवायचं, कुठल्या दगडापुढे कुठे उभं राहिलं म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही ते सांगायचं, त्यांचेच फोन हातात घेऊन त्यांचे फोटो काढायचे. आम्ही बोटाने काही दाखवत नाही, ते उद्धटपणाचं समजतात. ओठ पुढे काढून दाखवतो. तो बघा तीन बहिणींचा दगड, असं म्हणून मामा ओठ पुढे करायचा आणि एखादी बाई गोरीमोरी होऊन नवऱ्याकडे बघायची. मामा तरीही हसायचा नाही. चेष्टा करतानासुद्धा त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, म्हणून तर ती जास्त लागते.

चार वर्षांपूर्वी मामी गेली. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही, तेव्हा इथेही ती मामीच. फिनिक्स शहरातल्या इस्पितळात अकरा दिवस होती. माणूस जिथे जातं ती जागा आम्ही टाळतो, मग ती खोली असो की घर. मामाने अख्खं शहर टाळलं. त्यानंतर त्याने तिकडे पाऊल टाकलं नाही, आणि त्याची एकुलती एक लेक शार्लीन नेमकी तिथेच नोकरीला. ती त्याला ये म्हणायची नाही, कारण तिला माहीत होतं. तो तिला ये म्हणायचा नाही, कारण तो लेलंडमामा आहे.

मामी गेल्यावर मामाने मेंढरं विकली. पाच मैलांवर त्याचं घर आहे, तिथे चूल म्हणून पेटत नाही. सकाळी माझ्याकडे खातो, संध्याकाळी माझ्याकडेच खातो आणि मग धुतलेली गाडी पुन्हा धुवत बसतो. एकट्या माणसाची मी केलेली पारख सांगते: त्याला निघायची घाई नसते आणि थांबायला कारण नसतं. गाडीच्या काचेत आपलंच तोंड दिसायला लागलं तरी मामा फडकं फिरवतच असायचा. मला ते बघवायचं नाही. मग मी काहीतरी खोट काढून त्याच्याशी भांडायचे, म्हणजे निदान अर्धा तास बरा जायचा.

यंदा फेब्रुवारीत शार्लीनला मुलगा झाला. नाव ठेवलं कोल्टन. मामा मला काही बोलला नाही, पण त्या आठवड्यात तो शेजारच्या खोऱ्यातून एक खच्ची केलेला मेंढा घेऊन आला आणि घरामागच्या मोडक्या वाड्याचं कुंपण त्याने नीट केलं. एका मेंढ्यासाठी एवढं कुंपण कोण घालतं? मला तेवढ्यावर कळलं.

बाळाला पहिल्यांदा खळखळून कोण हसवतं, याला आमच्यात फार मोल आहे. ज्याने हसवलं त्याने मेजवानी घालायची. बाळाला मांडीवर घ्यायचं, आणि जो येईल त्याच्या तळहातावर बाळाच्या मुठीतून मिठाचा खडा ठेवायचा, मग ताट वाढायचं. बाळाच्या हातून होणारं ते पहिलं देणं. ते झालं नाही तर पोर हाताचं चिकट निघतं. आणि हसवणाऱ्याचा स्वभाव पोरात थोडा उतरतो, असंही म्हणतात. हे भाग्य ठरवून मिळत नाही आणि मागायचं तर मुळीच नसतं. तेव्हा मामा शार्लीनला त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. त्याने फक्त मेंढ्याला मक्याचा खुराक सुरू केला आणि वाट बघत बसला.

आमच्याकडे फोनला धड रेंज मिळते ती माझ्या टपरीपुढच्या बाकावर. रोज सकाळी साडेसात वाजता मामा तिथे बसून शार्लीनला फोन लावायचा, बाळाचं तोंड दिसेल असा. त्याला कानाने कमी येतं, त्यामुळे आवाज मोठा. शार्लीनकडे रात्री काय शिजलं ते सगळ्या मैदानाला कळायचं.

"हसला का?" मामाचा पहिला प्रश्न.

"नाही रे अजून."

"चार महिने होत आले. दाखवलंस का कुणाला?"

"बरा आहे, बाबा. जरा गंभीर आहे, एवढंच. आजोबावर गेलाय."

गंमत म्हणजे आजोबा हे सगळं दगडासारख्या चेहऱ्याने विचारायचा. समोर काचेत नातू हातपाय झाडतोय, बोळकं उघडतोय, आणि हा पोलीस चौकशीला आल्यासारखा बसलाय. एकदा मी मागून म्हटलं, "मामा, जरा जीभ काढून दाखव की त्याला! तोंड वाकडं कर!"

त्याने फोनवर तळहात दाबला आणि माझ्यावर डोळे वटारले. "गप. यातून हसला म्हणजे?"

"म्हणजे हसेल. बरंच आहे."

"तो मला हसला की काचेला, हे कोण ठरवणार? फोनवरचं धरतात का?"

मण्यांच्या माळा विकणारी म्हातारी ॲडा शेजारीच बसते. ती म्हणाली, धरत नाहीत. तिचा जावई म्हणाला, हल्ली धरतात. त्यावर सकाळभर वाद झाला आणि निकाल काही लागला नाही. मामाने मात्र धोका पत्करला नाही. हसू वाया जाऊ नये म्हणून तो रोज चेहरा आवळून बसायला लागला. शार्लीनला यातलं काय माहीत? तिला दिसायचा तो हा असा बाप. आधी ती चेष्टा करायची, "बाबा, जरा ओठ हलवलेस तर रंग उडेल का रे तुझा?" मग चेष्टा बंद झाली. जूनमध्ये एक दिवस ती सरळच म्हणाली, "तुला आवडला नाही का रे तो?"

मामा म्हणाला, "रेंज जातेय," आणि फोन ठेवला. रेंज कुठेही गेली नव्हती. त्या दिवशी मी त्याला चांगलंच झापलं. तो म्हणाला, "ती आणील त्याला. एकदा मांडीवर आला की बघ."

पण ती आणेना. आधी ईस्टरला येणार होती, मग मेच्या शेवटी. एकदा गाडी बिघडली, एकदा ड्यूटी लागली. बाळाचा बाप डेरिक कुठे आहे असं विचारलं की उत्तर एकच, कामावर. मेंढा मात्र कुंपणाला अंग घासून घासून टरारून सुजल्यासारखा दिसायला लागला होता.

मग जूनच्या शेवटच्या आठवड्यात ओहायोकडचं ते जोडपं आलं. बाईचं नाव टेसा, तिची तीन महिन्यांची मुलगी विनी, आणि फोन डोळ्यांपासून न हलवणारा नवरा. त्यांनी स्वतःपुरती अख्खी गाडी सांगितली होती. पुढचं मी पाहिलेलं नाही. मामाने आणि टेसाने आपापल्या परीने सांगितलं ते जुळवून सांगते.

चौथ्या थांब्याला दगडात आरपार खिडकी आहे. वर चढायला दहा मिनिटं लागतात. टेसाला वर जायचं होतं, उन्हात पोरीला न्यायचं नव्हतं. मामा म्हणाला, द्या माझ्याकडे. सावलीत बसला पोरीला घेऊन. तिच्यासमोरही त्याने तोच आवळलेला चेहरा ठेवला होता, हे तो मला शपथेवर सांगतो. पण वाऱ्याने नाकात धूळ गेली. मामाला अशी शिंक आली की टोपी नाकावर उतरली, आणि मांडीवरची पोर खदखदून हसली. एकदा नाही, टोपी वर केली तशी पुन्हा.

वरून टेसा धावत खाली. "हसली! अहो, ही हसली! आजवर कधी हसली नव्हती! पुन्हा शिंका ना, एकदाच, फोटो घेते!"

मामाला शिंक आली नाही. मैदानात येऊन त्याने गाडी उभी केली आणि माझ्याकडे आला तो तोंडावरचं रक्त उतरलेलं.

"भाचे, घात झाला."

"गाडी ठोकलीस?"

"पोर हसलं."

"कोणाचं?"

त्याने ओठांनी त्या जोडप्याकडे दाखवलं. काय झालं ते मला कळलं, तरी तोंड काही थांबेना. म्हटलं, "परक्यांचं पोर आहे, मामा. त्यांना यातलं काही माहीत नाही. आणि चिकट निघाली तर निघाली. ओहायोत त्याला काटकसर म्हणत असतील."

"त्यांना माहीत नाही," मामा म्हणाला. "मला माहीत आहे ना."

"बरं, मग माझा रस्सा घे. पातेलंभर आहे."

"विकायच्या पातेल्यातलं देणं होत नाही. सुरी घेऊन चल."

"कोल्टनचा मेंढा?"

"दुसरा आहे का?"

आमच्याकडे मेंढा कापणं बायकांचं काम. मी तो कापला, सोलला, आतडी धुतली, आणि सगळा वेळ मामाला शिव्या घातल्या. तो फक्त पाय धरून उभा होता. एकदा म्हणाला, "लेकरू लेकरूच असतं गं." त्यावर मी गप्प बसले, कारण रडू आलं असतं आणि मला हातात सुरी असताना रडायला आवडत नाही.

ते जोडपं सकाळी पुढच्या दरीकडे जाणार होतं, म्हणून संध्याकाळी पाचचीच वेळ धरली. बोलावणं करायला मामा स्वतः त्यांच्या खोलीपर्यंत गेला. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा कार्यक्रम फेरीच्या तिकिटात धरलाय, की याचे वेगळे पैसे?"

मी असते तर तिथेच त्याचा उद्धार केला असता. मामा म्हणाला, "पैसे नाहीत. तुमच्या मुलीने आम्हाला जेवायला बोलावलंय, तेव्हा तुम्ही यायला हवं."

आले. नऊ माणसं जमवली होती मी: गाड्या चालवणारे, ॲडा, तिचा जावई. शिवाय एक जर्मन म्हातारा होता, तो बसची रांग समजून रांगेत उभा राहिला आणि कोणी त्याला हुसकलं नाही. मामाने धुतलेला शर्ट घातला होता. मामीने शेजारच्या झुनी लोकांच्या खाऱ्या तळ्यावरून आणलेल्या खडेमिठाची पुरचुंडी त्याने सोडली. विनी झोपेला आली होती. तिची मूठ आपल्या बोटांत धरून मामा एकेकाच्या तळहातावर खडा ठेवत गेला. टेसाची पाळी आली. तिने खडा बघितला आणि हळूच विचारलं, "आता काय करायचं?"

"जिभेवर ठेव. आणि तिच्यासाठी काहीतरी चांगलं माग."

टेसाने खडा जिभेवर ठेवला. मग म्हणाली, "हिला माणसं मिळू देत. भरपूर माणसं." असं म्हणून तिने डोळे पुसले, का ते मला माहीत नाही. नवरा फोटो घेत होता.

चाळीस मिनिटांत ते उठले. पलीकडच्या टेकडीवर सूर्यास्त चांगला दिसतो असं कुठेतरी लिहिलं होतं. टेसाने मामाला मिठी मारली, पोरीने झोपेत ढेकर दिली, गाडी गेली. उरलेलं मटण नऊ जणांनी घरी नेलं. मामा रिकाम्या टेबलाशी बसून राहिला. मी जवळ बसले, भांडायला काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तो बाकावर आला. फोन लावला. "हसला का?" हे त्याने विचारलं नाही. शार्लीननेच विचारलं, "काय झालं, बाबा?"

"मेंढा कापला काल."

"कुठला मेंढा? तू तर सगळे विकलेस."

"कोल्टनचा."

"कोल्टनचा कसला मेंढा?"

मग त्याने सगळं सांगितलं. जमिनीकडे बघत, तुटक तुटक. फेब्रुवारीपासूनचा खुराक, ओहायोची पोर, शिंक. शेवटी म्हणाला, "म्हणून मी तुझ्याशी बोलताना तोंड आवळून बसायचो. वाटायचं, इथून हसला तर वाया जाईल. माझ्या मांडीवर हसू दे. आता मेंढाही गेला."

फोनमधून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, आता खरंच रेंज गेली.

"बाबा, तो हसलाय."

"आज?"

"सहा आठवडे झाले."

मामाने फोन कानाला लावला, जणू मोठा आवाज पुरेना. पण तो आवाज मोठाच होता, त्यामुळे आम्हाला ऐकू येतच होतं. ॲडाने माळा खाली ठेवल्या.

"कोणी हसवलं?"

"मी," शार्लीन म्हणाली. "डेरिक सामान घेऊन गेला त्या दिवशी. कायमचाच गेला तो, बाबा. मी स्वयंपाकघरात खाली बसून रडत होते, आणि ह्याला वाटलं मी गंमत करतेय. हसत सुटला. मला रडू थांबेना, ह्याला हसू थांबेना."

"मला का नाही सांगितलंस?"

"हसला असं सांगितलं असतं, तर तू रोज सकाळी फोन केला असतास?"

चार वर्षांत, फेब्रुवारीच्या आधी, मामाने तिला किती फोन केले होते ते त्याला आणि मलाही माहीत होतं. एका हाताची बोटं पुरली असती.

"मेजवानी घातलीस?" त्याने शेवटी विचारलं.

"कोणाला घालू? मीठ काढलं होतं दुकानातलं. शेजारी कोण राहतं तेसुद्धा मला माहीत नाही. ह्याच्या मुठीतून माझ्याच हातावर ठेवलं, आणि बसले." ती थांबली. "उशीर झाला ना रे, बाबा? चिकट निघेल का तो?"

आठच्या फेरीचे सहा जण येऊन उभे होते, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन. मामाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे यांचं मी बघते. तो उठला. खिसा चाचपून त्याने किल्ली काढली, आणि ती हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण तो घाबरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"शार्लीन, तुझ्या घरी यायला त्या इस्पितळावरूनच यावं लागतं का गं?"

"हो, बाबा," ती म्हणाली. "तोच रस्ता आहे."

"बरं," मामा म्हणाला. "शेजाऱ्यांची दारं वाजव. जेवायला या म्हणावं. पाच तासांत पोचतो मी."